समईचं हिरवं तेल आणि बंदुकीचं वंगण

नाशिकच्या भांडी बाजारात झाकणाची एखादी ठेंगणी पितळी डबी दिसली की ठासणीच्या रायफलीचं वंगण ठेवायला ती अगदी शोभेल असं वाटतं. शोभेल खरी, पण वंगण नासवेल.

आधी हे वंगण कशाला, ते पाहू. जुन्या अमेरिकी लांब रायफलीत शिशाची गोळी नळीहून किंचित बारीक असते. वंगण लावलेल्या सुती चिंधीत ती बसवून नळीच्या तोंडातून गजाने ठासतात. चिंधी नळीतल्या पीळदार खाचांत रुतते आणि गोळीला फिरकी मिळते. बंदुकीची काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन काजळीच्या रूपात उरतो. वंगण ही काजळी मऊ ठेवतं, नाहीतर पुढचा बार भरताना गज अडतो. वंगणात असतं मधमाश्यांचं मेण, जनावराची चरबी, कधी ऑलिव्ह तेल. (बंदूक आणि चरबी म्हटलं की आपल्याला १८५७ आठवणारच. ती एनफील्डही ठासणीचीच रायफल.)

मेण वर्षानुवर्षं टिकतं. बिघडतात चरबी आणि तेल. त्यांच्या रेणूंतल्या दुहेरी बंधांजवळ ऑक्सिजन हल्ला करतो आणि बिघडलेला रेणू शेजाऱ्यालाही बिघडवतो. शेवटी रेणू तुटून अल्डिहाइडं तयार होतात. डब्याच्या तळाशी राहिलेल्या दिवाळीच्या चिवड्याला येतो, तोच हा खवट वास.

या साखळीला तांबं जोर देतं, तेही अगदी लेशमात्र असलं तरी. पितळेत तांबंच जास्त. देव्हाऱ्यातली समई महिनाभर घासली नाही तर तळाशी हिरवट, चिकट तेल साचतं ना? तेलातली मेदाम्लं तांब्याशी संयोग पावून झालेले ते क्षार. हीच आम्लं शिशाच्या गोळीलाही खातात. म्हणून डबी पितळेची हवीच असेल तर आतून कल्हई करून घ्यावी. माझं मत विचाराल तर लोणच्याची छोटी चिनी मातीची बरणी सगळ्यांत बरी: धातू नाही आणि उजेडही आत जात नाही. बरणी काठोकाठ भरावी, म्हणजे हवेला जागा उरत नाही. चरबी मात्र लोण्याचं तूप करतो तशी, तडतड पुरती थांबेपर्यंत कढवलेली हवी. पाणी राहिलं तर मेदाम्लं लवकर सुटी होतात.

उरला उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि नाशिकचा पारा मे महिन्यात चाळिशी गाठतो. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, चरबी त्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे उन्हाळ्यासाठी मेण वाढवावं. निफाडच्या थंडीत तेच मिश्रण दगड होईल, तेव्हा तेल वाढवावं.

चिंध्या आधीच माखून ठेवायची सवय सोयीची, पण कापडावर पसरलेल्या पातळ थराला हवा चहूबाजूंनी लागते आणि तो बरणीतल्या वंगणापेक्षा लवकर खवट होतो. त्या लांब रायफलींच्या दस्त्यात चिंध्यांसाठी झाकणाचा खण कोरलेला असे. त्यात मावतील तेवढ्याच माखाव्यात.