हृद्‌रोहिणी बायपास शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिणीत अडथळा निर्माण झाला असता, अडथळ्याच्या पुढच्या भागात दुसऱ्या रक्तवाहिनीतून रक्त पोहोचविण्याची शस्त्रक्रिया शल्यचिकित्सकाला शिकविण्याची पद्धती. ही रक्तवाहिनी पायातून काढलेली नीला (शीर), छातीच्या आतील बाजूची अंतःस्तन रोहिणी (धमनी) किंवा हाताची बहिःप्रकोष्ठ रोहिणी असते. प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे दोन रक्तवाहिन्यांचा जोड (अ‍ॅनॅस्टोमोसिस) घालण्याचे कौशल्य होय.

या कौशल्याचा उगम सामान्यतः आलेक्सी कारेल (१८७३–१९४४) या फ्रेंच शल्यचिकित्सकाच्या कामात मानतात. १८९४ मध्ये ल्यों येथे फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला आणि यकृताकडे जाणारी मोठी नीला कापली गेल्याने ते दगावले. ती नीला शिवता आली नाही, ही गोष्ट तरुण कारेल यांच्या मनाला लागली, असे सांगितले जाते. ल्योंमधील मादाम लरुदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडून त्यांनी बारीक सुईदोऱ्याचे धडे घेतल्याची हकिकतही चरित्रात्मक लेखनात वारंवार येते. तिचे काही तपशील मागाहून रंगविले गेले असण्याची शक्यता आहे. मात्र १९०२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली, वाहिनीचा गोल काठ तीन आधारटाक्यांनी त्रिकोणी ताणून मग शिवण्याची रीत निर्विवाद त्यांचीच आहे. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना रक्तवाहिन्यांची शिवण आणि अवयव व वाहिन्यांचे प्रतिरोपण यांवरील कार्यासाठी मिळाले. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यांचा १९१० मधील एक प्रयोग अधिक बोलका आहे. त्यांनी एका कुत्र्यात महारोहिणीपासून (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीपासून) हृद्‌रोहिणीपर्यंत शीतगृहात जपलेली रोहिणी जोडली. रक्तप्रवाह थांबविल्यावर तीन मिनिटांत हृदय थरथरू लागले, जोडाला मात्र पाच मिनिटे लागली, आणि दोन तासांच्या आत कुत्रा मेला. जोड तीन मिनिटांच्या आत पुरा झाला पाहिजे, असा निष्कर्ष कारेल यांनी काढला. पुढे, हृदय थांबविले असता त्याचे व फुप्फुसांचे काम करणाऱ्या हृदय-फुप्फुस यंत्राने ही घाई बरीच कमी केली, तरी वेळेचा हा धडा आजही पहिल्या दिवसापासून दिला जातो.

मानवावरील पहिली बायपास शस्त्रक्रिया कोणाची, याविषयी मतभेद आहेत. रॉबर्ट गोट्झ यांनी २ मे १९६० रोजी न्यूयॉर्क येथे अंतःस्तन रोहिणी उजव्या हृद्‌रोहिणीला जोडली, परंतु टाके न घालता टँटलम धातूच्या कडीच्या साहाय्याने. डेव्हिड सॅबिस्टन यांनी १९६२ मध्ये पायातील नीला वापरली. तो रुग्ण वाचला नाही आणि वृत्तांत १९७४ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. ह्यूस्टन येथील मायकेल डीबेकी यांच्या गटाने १९६४ मध्ये केलेली शस्त्रक्रिया १९७३ मध्ये प्रकाशात आली. लेनिनग्राड येथील वसिली कोलेसव्ह यांनी २५ फेब्रुवारी १९६४ रोजी अंतःस्तन रोहिणीचा जोड टाके घालून आणि यंत्राविना केला. टाक्यांच्या जोडाचा पहिला मान त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी मे १९६७ पासून अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिक येथे नीलेचा पद्धतशीर वापर सुरू केला. त्यांना पहिले म्हणता येत नाही. परंतु ज्या रीतीची पायरी न् पायरी दुसऱ्याला दाखविता येते आणि त्याच्या हातून तशीच उतरते, अशी रीत त्यांनी घडविली, आणि प्रशिक्षणाचा इतिहास त्यांच्यापासून धरणे हेच योग्य ठरते. त्याच संस्थेत मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये हृद्‌रोहिणी-चित्रणाची पद्धत शोधलेली असल्याने अडथळा नेमका कोठे आहे आणि जोड पुढे टिकला की नाही, हे शिकणाऱ्यालाही डोळ्यांनी पाहता येऊ लागले. १९७१ मध्ये मायदेशी परतून फावालोरो यांनी शेकडो निवासी डॉक्टर तयार केले. न्यूयॉर्कचे जॉर्ज ग्रीन यांनी १९६८ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली डाव्या अंतःस्तन रोहिणीचा जोड घालण्यास प्रारंभ केला. १९८६ मध्ये क्लीव्हलंडच्या दीर्घकालीन पाहणीने या रोहिणीमुळे रुग्ण अधिक जगतात असे दाखविल्यानंतर, शल्यचिकित्सकांच्या बोलीत ‘लिमा’ म्हटल्या जाणाऱ्या या डाव्या अंतःस्तन रोहिणीचा जोड प्रत्येक शिकाऊ शल्यचिकित्सकाला येणे अपरिहार्य झाले.

जोडाचे तंत्र : जोडावयाची हृद्‌रोहिणी साधारणतः दीड ते दोन मिलिमीटर व्यासाची असते. अडीच ते साडेतीन पट मोठे दिसणारा भिंगांचा चष्मा लावून तिच्यावर पाच-सहा मिलिमीटर लांबीची चीर घेतात आणि केसाइतक्या बारीक, सात-शून्य किंवा आठ-शून्य क्रमांकाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याने सुमारे बारा टाके घालतात. चिरेच्या एका टोकाला टाच आणि दुसऱ्याला चवडा म्हणतात. टाचेचे पहिले काही टाके सैल ठेवून मग नवी वाहिनी खाली उतरविण्याच्या रीतीला पॅराशूट रीत असे नाव आहे. हृद्‌रोहिणीच्या बाजूने सुई नेहमी आतून बाहेर काढावयाची असते, कारण बाहेरून आत घातल्यास भिंतीवरील मेदयुक्त थर सुटून आत ढकलला जाण्याचा धोका असतो. सुई ढकलावयाची नसते. तिच्या वाकणाबरोबर मनगट फिरवावयाचे असते, आणि नवशिक्याची चूक बहुधा येथेच दिसते. टाका खोल गेला तर मागची भिंत पकडली जाऊन जोड बंद होतो. धागा जास्त ओढला तर बटव्याच्या नाडीसारखा काठ आवळला जातो. हा धागा चिमट्यात पकडू देत नाहीत, कारण चेपलेल्या ठिकाणी तो पुढे तुटू शकतो. समोर उभा राहून धागा ताणून धरणारा साहाय्यक बहुधा निवासी डॉक्टरच असतो. वरिष्ठाच्या हातातील ताण आपल्या बोटांना कळणे हे त्याचे खरे पहिले शिक्षण होय, आणि ते कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

शस्त्रक्रियागारातील क्रम : शिकणाऱ्याकडे प्रथम पायातील नीला काढण्याचे काम येते, त्यानंतर उरोस्थी (छातीचे मधले हाड) उघडणे व बंद करणे, यंत्राच्या नळ्या घालणे, महारोहिणीवरील जोड, लिमा छातीच्या भिंतीपासून सोडविणे, उजव्या बाजूचे जोड आणि शेवटी हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरणाऱ्या डाव्या अग्र अवरोही हृद्‌रोहिणीवरील लिमेचा जोड, असा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. नीला काढण्याचे काम सर्वांत कनिष्ठाकडे सोपविण्याची प्रथा मात्र पुन्हा तपासावयास हवी. ताणलेली, चिमटलेली किंवा दाबाने फुगविलेली नीला आतल्या अस्तराला इजा होऊन काही वर्षांत बंद पडू शकते. शिवाय घरी गेलेल्या रुग्णाला छातीपेक्षा पायाचीच जखम अनेकदा अधिक सतावते. दुर्बिणीने नीला काढण्याविषयी प्रारंभीचे काही निष्कर्ष प्रतिकूल होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,१५० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, हे काम सरावलेल्या हातांकडेच दिल्यावर, दुर्बिणीची आणि उघडी चीर घेण्याची अशा दोन्ही पद्धतींच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

कृत्रिम सराव : फुग्यांतून चढउतरणारी हवा सोडून, संगणकाच्या नियंत्रणाखाली धडधडत ठेवलेल्या डुकराच्या हृदयावर सराव करण्याची यंत्रणा जमेकातील पॉल रॅम्फल व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडली. तिचा पुढे अमेरिकेतील चॅपल हिल येथील शिबिरांत उपयोग झाला. स्टॅनफर्ड येथील जेम्स फॅन यांनी २००८ मध्ये घरी नेता येण्याजोगा सराव-संच निवासी डॉक्टरांना दिला आणि थोड्या सरावानेही वेळ व सफाई सुधारते असे नोंदविले. खाटिकाकडून आणलेल्या हृदयावरील सराव स्वस्त आणि उपयुक्त असतो. रक्तस्राव, बिघडणारा रक्तदाब आणि मनावरचे दडपण यांची जागा मात्र त्याने भरून निघत नाही.

धडधडत्या हृदयावरील शस्त्रक्रिया : यंत्राविना बायपास करण्याच्या पद्धतीचा वाद बव्हंशी प्रशिक्षणाचाच वाद आहे. २००९ च्या ‘रूबी’ चाचणीत (२,२०३ रुग्ण) यंत्राविना घातलेले जोड वर्षअखेरीस तुलनेने कमी टिकलेले आढळले. परंतु सहभागी शल्यचिकित्सकांना या पद्धतीच्या वीसच शस्त्रक्रियांचा पूर्वानुभव आवश्यक होता आणि अनेक शस्त्रक्रियांत निवासी डॉक्टरांचा हात होता, अशी टीका झाली. २०१२ च्या ‘कॉरोनरी’ चाचणीत (४,७५२ रुग्ण, भारतीय केंद्रांसह) संबंधित पद्धतीच्या शंभराहून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव अनिवार्य होता आणि तीस दिवसांनंतरच्या मुख्य परिणामांत दोन्ही पद्धती जवळपास सारख्या ठरल्या. दोन्ही चाचण्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही निकालांतील फरकाचा मोठा भाग हातांच्या अनुभवाने स्पष्ट होतो, हे मत ग्राह्य वाटते.

भारतातील स्थिती : बायपासपूर्व काळात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन व सहकाऱ्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयरचनेवरून सुचलेली, हृदयस्नायूला सुईने छिद्रे पाडून रक्त पोहोचविण्याची कल्पना १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. ती मागे पडली, पण सेन यांच्या विभागात पुढच्या पिढीतील अनेक हृदयशल्यचिकित्सक तयार झाले. देशातील पहिली यशस्वी बायपास शस्त्रक्रिया के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात केल्याचे सामान्यतः मानले जाते. सर्वसाधारण शल्यचिकित्सेतील तीन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीनंतर हृदयशल्यचिकित्सेतील तीन वर्षांचा एम. सीएच. किंवा डीआर. एन. बी. अभ्यासक्रम हा रूढ मार्ग असून एम. बी. बी. एस. नंतर थेट सहा वर्षांचा पर्यायही आहे. भारतात यंत्राविना शस्त्रक्रियेचे प्रमाण मोठे असल्याने येथील निवासी डॉक्टर पुष्कळदा थांबलेल्या हृदयावर पुरेसा हात बसण्यापूर्वीच धडधडत्या हृदयावरील जोडाला साहाय्य करू लागतो. चोषण-पंजाने (हृदयाचा भाग शोषून धरणाऱ्या उपकरणाने) स्थिर केलेल्या बोटभर जागेत सुई चालवायला तो शिकतो. साहाय्य केलेल्या आणि स्वतः केलेल्या शस्त्रक्रिया त्याच्या नोंदवहीत वेगळ्या मांडल्या जातात. या दुसऱ्या रकान्यातील संख्या संस्थेगणिक बदलते.