चार्जिंग चालू, टक्केवारी उतरती

फोन गाडीत चार्जिंगला लावलेला असतो, नकाशा चालू असतो, बॅटरीच्या चिन्हावर विजेची खूणही दिसत असते. तासाभराने बघावं तर आकडा चढण्याऐवजी सात-आठ टक्क्यांनी उतरलेला. मग निदानं सुरू होतात: बॅटरी गेली, चार्जर डुप्लिकेट निघाला, परवाच्या अपडेटने घोळ केला. यातलं एखादं खरंही असेल, पण बऱ्याचदा कशातच बिघाड नसतो. पोर्ट, केबल आणि फोन आपापले नियम पाळत असतात आणि त्या नियमांची बेरीजच वजाबाकी निघते.

हिशोब सोपा आहे. म्युझिक सिस्टिमच्या बाजूला असलेला जुना यूएसबी पोर्ट मुळात पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवण्यासाठी दिलेला असतो. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे तो ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. उन्हात दिसावा म्हणून पूर्ण उजळलेला स्क्रीन, सतत चालू जीपीएस आणि एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारणारा डेटा, हे सगळं मिळून फोन सहज चार वॅट खातो. तूट दीड वॅटची. ५००० मिलिअँपिअर-अवर बॅटरीत साधारण १९ वॅट-अवर ऊर्जा मावते, त्यातून तासाला दीड गेली म्हणजे आठ टक्के. बिघाड न होता टक्केवारी उतरते ती अशी.

इथे एक गैरसमज आडवा येतो. चार्जर फोनमध्ये करंट ढकलतो असं अनेकांना वाटतं, म्हणून ‘तीन अँपिअरचा चार्जर लावू नकोस, फोन जळेल’ असा सल्ला अजून ऐकू येतो. प्रत्यक्षात चार्जर फक्त ठरावीक व्होल्टेज उभं करून ठेवतो. करंट किती ओढायचा हे फोन ठरवतो. आणि ठरवण्याआधी तो पलीकडे कोण आहे याची चौकशी करतो. ही चौकशी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

जुन्या चौकोनी यूएसबीत चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या, डी-प्लस आणि डी-मायनस. केबल जोडताच फोन डी-प्लसवर सुमारे ०.६ व्होल्ट ठेवतो आणि डी-मायनसवर काय दिसतं ते बघतो. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या चार्जरमध्ये या दोन तारा आतल्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे एकीवरचं व्होल्टेज दुसरीवर उमटतं आणि फोन समजतो, पलीकडे कॉम्प्युटर नाही, दीड अँपिअरपर्यंत ओढायला हरकत नाही. काहीच उमटलं नाही तर समोर साधा डेटा पोर्ट आहे असं धरून फोन सभ्यपणे वागतो: ओळख पूर्ण होईपर्यंत १०० मिलिअँपिअर, नंतर ५००. काही कंपन्यांनी आपली वेगळी खूण ठरवली होती, डेटाच्या तारांवर २ आणि २.७ व्होल्ट असे ठरावीक दाब. ती खूण न ओळखणारा फोन त्याच दमदार चार्जरवर कासवाच्या गतीने चार्ज होत बसायचा.

टाइप-सीमध्ये ही चौकशी आणखी नेटकी झाली. सीसी नावाची वेगळी तार या कामासाठी असते. फोनच्या बाजूला ५.१ किलोओहमचा रोध (रेझिस्टर) ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या परतीच्या तारेला जोडलेला, चार्जरच्या बाजूला दुसरा रोध ५ व्होल्टला. चार्जर साधा असेल तर तो ५६ किलोओहम, दीड अँपिअरचा असेल तर २२, तीन अँपिअरचा असेल तर १०. शाळेतला ओहमचा नियम लावून बघा: दोन्ही रोधांच्या सांध्यावर ५ × ५.१ ÷ ६१.१, म्हणजे ०.४२ व्होल्ट. २२ किलोओहमला हेच ०.९४ होतं आणि १० किलोओहमला १.६९. फोन हा एक आकडा वाचतो आणि आपली कमाल मर्यादा ठरवतो. एका पैशाचा प्रोसेसर न लावता दोन रोधांनी साधलेला करार.

एक बाजू चौकोनी आणि दुसरी टाइप-सी अशी केबल असली की चार्जरच्या बाजूला सीसी तारच नसते. म्हणून तो रोध केबलच्या टोकातच बसवतात आणि तो ५६ किलोओहमचाच हवा. काही उत्पादकांनी तिथे १० चा बसवला. म्हणजे ५०० मिलिअँपिअरच्या पोर्टला जोडूनही केबल फोनला सांगणार, घे तीन अँपिअर! गूगलमधले अभियंते बेन्सन लिउंग यांनी २०१५ साली ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अशा केबल्स घेऊन तपासायला सुरुवात केली, तेव्हा नियम मोडणाऱ्या कितीतरी सापडल्या. पुढच्याच वर्षी उलट्या जोडणीच्या एका केबलने त्यांचा लॅपटॉप निकामी केला.

करार झाला तरी वीज पोचायची असते तारेतूनच, आणि गाडीत गाडं अडतं ते बहुधा इथे. स्वस्त केबलमधल्या विजेच्या तारा २८ गेजच्या असतात, व्यास जेमतेम ०.३२ मिलिमीटर (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.२१ ओहम. करंटला जायलाही तार लागते आणि परत यायलाही, त्यामुळे एक मीटरच्या केबलला ०.४३. आकडा क्षुल्लक वाटतो. आता त्यातून २ अँपिअर सोडा: ०.८६ व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि निघालेल्या ५ व्होल्टपैकी फोनपाशी ४.१४ उरतात. पूर्ण भरत आलेली लिथियम बॅटरीच ४.२ ते ४.४ व्होल्टवर असते. तिच्यापेक्षा कमी दाबाने तिच्यात काय भरणार?

यावर फोनमधल्या चार्जिंग चिपची युक्ती आहे. ती करंट एकदम ओढत नाही. पायरीपायरीने वाढवते आणि दर पायरीला आत येणारं व्होल्टेज तपासते. ते साधारण साडेचार व्होल्टच्या खाली जाऊ लागलं की चिप थांबते, एक पायरी उतरते आणि तिथेच स्थिरावते. म्हणजे तुमचा फोन रोज, न सांगता, केबलचा रोध मोजत असतो. अर्धा व्होल्ट गमावण्याची मुभा धरली तर २८ गेजच्या एक मीटर केबलमधून साधारण १.२ अँपिअर मिळतो. मागच्या सीटपर्यंत पुरावी म्हणून घेतलेल्या दोन मीटरच्या केबलमधून ०.६. म्हणजे तीन वॅटसुद्धा नाहीत. तोच फोन, तोच चार्जर, पण तारा २४ गेजच्या असत्या तर एका मीटरला जवळजवळ तीन अँपिअर मिळाले असते. चार्जरवर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट या तारेपुढे हात टेकतात. (ते वॅटही पुष्कळदा सगळ्या पोर्टची बेरीज असते, आणि तीही ठरावीक कंपनीच्या ठरावीक फोनसाठी.)

यातून सुटायचा रस्ता वीज मंडळांना फार पूर्वीच सापडला होता: व्होल्टेज वाढवा, करंट घटवा. दहा वॅट ५ व्होल्टने पाठवायचे तर २ अँपिअर लागतात आणि वरच्या केबलमध्ये १.७ वॅट उष्णतेत जातात. ९ व्होल्टने पाठवले तर १.१ अँपिअर पुरतो आणि नुकसान अर्ध्या वॅटवर येतं. पॉवर डिलिव्हरी म्हणजे पीडी जातीचे चार्जर हेच करतात. सीसी तारेवरून सेकंदाला तीन लाख बिटांच्या वेगाने फोन आणि चार्जर बोलणी करतात आणि ९, १५ किंवा २० व्होल्टवर सौदा ठरवतात. चौकोनी तोंडाच्या पोर्टमध्ये सीसी तार नसल्याने हा सौदा तिथे होत नाही. गाडीतला चार्जर बदलायचाच असेल तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली, आखूड आणि जाड केबल चालेल असा घ्यावा.

दुसरी तक्रार याच्या उलट असते: चार्जिंग व्यवस्थित होतं, पण फोनचा नकाशा नि गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले मध्येच तुटतं. सर्वांत साधं कारण म्हणजे केबलमध्ये डेटाच्या तारा नसणं. केवळ चार्जिंगच्या केबल्स अशाच विकल्या जातात आणि बाहेरून त्या ओळखू येत नाहीत. काही गाड्यांत दोन पोर्ट असतात, त्यातला एक फक्त वीज देतो. पोर्टशेजारचं चिन्ह बघितलं तर तो प्रश्न तिथेच मिटतो.

पण केबल डेटाची आहे, पोर्टही बरोबर आहे आणि खड्डा आला की नकाशा गायब होतो, तर? यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८ कोटी बिट. एका बिटाला दोन नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. धक्क्याने पिन एक सहस्रांश सेकंद जरी सुटली तरी तेवढ्यात चार लाख ऐंशी हजार बिट निघून गेलेले असतात. बॅटरीला त्या सहस्रांश सेकंदाचं काही पडलेलं नसतं. डेटाचं संभाषण मात्र विस्कटतं, आणि एकच निरोप लागोपाठ तीनदा चुकला की यूएसबी यंत्रणा त्या मार्गावरचा व्यवहार थांबवते.

शिवाय परतीच्या तारेचा त्रास वेगळाच. फोनचं शून्य व्होल्ट आणि गाडीचं शून्य व्होल्ट एकच आहे असं डेटाचे संकेत गृहीत धरतात. पण एक मीटरच्या २८ गेज ग्राउंड तारेतून २ अँपिअर परत जात असतील तर त्या तारेवरच ०.४३ व्होल्ट पडतात, म्हणजे फोनचं ‘शून्य’ गाडीच्या शून्यापेक्षा तेवढं वर उचललं जातं. केबलने इथे फार तर ०.१२५ व्होल्ट खावेत, अशी यूएसबी २.० ची अपेक्षा आहे. डेटाचा संकेत स्वतःच ०.४ व्होल्टच्या घरातला. म्हणून बारीक केबलवर जोरात चार्जिंग चालू असताना जोडणी डळमळते आणि बॅटरी भरत आल्यावर, करंट कमी झाला की, आपोआप सुधारते. ज्यांना हा प्रकार भुताटकी वाटतो त्यांनी एकदा जाड तारांची केबल लावून बघावी.

अँड्रॉइड ऑटो सुरू होतानाची एक गंमत. जोडल्याबरोबर फोन गाडीला साधा फोन म्हणून दिसतो. गाडी विचारते, मला जोडलेलं उपकरण (ॲक्सेसरी) मानून बोलता येईल का? होकार मिळाल्यावर फोन जोडणीतून क्षणभर बाहेर पडतो आणि नवीन ओळख घेऊन परत येतो. जोडणीचा सगळा शिष्टाचार दोनदा पार पडतो, आणि कच्ची केबल पहिल्यांदा तरते नि दुसऱ्यांदा बुडते. ‘फोन दिसतो पण ऑटो सुरू होत नाही’ या तक्रारीमागे असा प्रकार असू शकतो. बिनतारी जोडणीत ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं आणि खरं काम वाय-फायवर चालतं. फोनचं वाय-फाय बंद ठेवून ब्लूटूथ कितीही वेळा नव्याने जोडलं तरी उपयोग नाही.

सिगारेट लायटरचं सॉकेट तर मुळात वीज पुरवण्यासाठी जन्मलेलंच नाही. तळाशी एक टोक, कडेला स्प्रिंगच्या पट्ट्या, आणि सगळी मदार घर्षणावर. चार्जर एखादा मिलिमीटर वर सरकला की संपर्क अर्धवट होतो. चार्जर हाताला कोमट लागणं ठीक, पण त्याचं टोक चटका देत असेल तर तिथला संपर्क खराब आहे. इंजिन सुरू करताना स्टार्टर इतका करंट ओढतो की बॅटरीचं व्होल्टेज ९-१० पर्यंत कोसळतं, आणि अनेक गाड्या त्या क्षणी सॉकेटची वीज तोडतात. म्हणून आधी इंजिन सुरू करून मग केबल जोडलेली बरी. याच सॉकेटमध्ये लावायची ‘इंधन वाचवणारी’ यंत्रंही विकली जातात. अशी यंत्रं उघडून बघणाऱ्यांना आत एलईडी आणि दोन-चार किरकोळ सुटे भाग मिळाले आहेत. इंजिनात किती इंधन जावं याच्याशी त्या भोकाचा काही संबंध नाही. फोनमुळे गाडीची बॅटरी उतरते ही धास्तीही तितकीच फोल: ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे ५४० वॅट-अवर असतात, फोन पूर्ण भरायला त्यातले वीस-पंचवीस लागतात.

काचेवर उन्हात लटकवलेला फोन मात्र मुद्दाम हळू चार्ज होतो. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंश सेल्सिअसच्या वर भरणं तिच्या आयुष्याला घातक असतं, म्हणून फोन करंट कमी करतो किंवा बंदच करतो. बिनतारी चार्जिंगची थाळी त्यात स्वतःची उष्णता मिसळते. फोन एसीच्या झोतासमोर आणला आणि चार्जिंग पुन्हा वेग धरू लागलं, तर केबल निर्दोष.

शोध कुठून सुरू करावा? माझं मत विचाराल तर फोनच्या तोंडापासून. टॉर्चच्या उजेडात टाइप-सी पोर्टच्या तळाशी बघा. खिशातल्या कापडाचा भुगा दर वेळी केबल खुपसताना दाबला जातो आणि त्याचा नमद्यासारखा करडा थर बसतो. केबल पूर्ण आत जात नाही, कडेला बारीकशी फट दिसते, बोटाने हलवलं की चार्जिंगची खूण जाते-येते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने तो थर उचलायचा. मधल्या पातळ जिभेला धक्का लावायचा नाही आणि सुई-पिन तर अजिबात नको, २४ संपर्कबिंदू तिथे दाटीने बसलेले असतात. त्यानंतर केबल बदलून बघायची, मग पोर्ट, आणि शेवटी चार्जर. मध्ये जोडायचा छोटा यूएसबी मीटर हाताशी असेल तर फोनच्या बाजूचं व्होल्टेज बघा: चार्जिंग चालू असताना ते साडेचारच्या आसपास घुटमळत असेल, तर वर सांगितलेली पायऱ्यांची कसरत डोळ्यांसमोर चालली आहे असं समजा.

राहिली ती शिट्टी. ऑक्स केबलने गाणी लावावीत, सोबत चार्जर जोडावा, आणि स्पीकरमधून एक बारीक आवाज यावा, जो ॲक्सिलरेटर दाबला की चढतो आणि सोडला की उतरतो. फोन आता दोन ठिकाणी गाडीच्या ग्राउंडला जोडलेला असतो, एकदा चार्जरमार्गे आणि एकदा ऑक्समार्गे. इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची विजेतली कंपनं या फेऱ्यातून फिरतात आणि थेट ॲम्प्लिफायरमध्ये शिरतात. चार्जर उपटला की आवाज थांबत असेल तर निदान पक्कं. मग गाणी ब्लूटूथने वाजवा, किंवा ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्या डबीत डाव्या-उजव्या आवाजासाठी दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. ते तारांची थेट जोडणी तोडतात आणि गाणं तेवढं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे पाठवतात.