बोधपुत्र

रविवारची उपासना संपली की पाळकसाहेब चर्चच्या दारात उभे राहतात. बाहेर पडणारा जो तो हात मिळवतो आणि म्हणतो, "जय ख्रिस्त, उपदेश छान झाला." खरोखर छान झाला असला तरी हेच वाक्य, आणि निम्मी मंडळी पेंगत होती तरी हेच. मीही तेच म्हणतो. तरुण संघाच्या रविवारी मला पहिल्यांदा बोलायला उभं केलं, तेव्हा हे वाक्य माझ्याही वाट्याला पंचवीसेक वेळा आलं. त्यातलं कुणी काय म्हणालं ते आज आठवत नाही. आठवते ती एक म्हातारी मावशी. तिनं मनगट धरून मला चपलांच्या बाजूला नेलं. "आवाज चांगला आहे रे तुझा," ती म्हणाली, "पण कागदातून डोकं काही वर काढलं नाहीस. आम्ही बसलो होतो ना समोर? पुढच्या वेळी आमच्याकडे बघ." एक पुढची वेळ असणार आहे, हे तिनं परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

अशा बोलण्याला ख्रिस्ती परंपरेत जुना शब्द आहे, आणि मराठीत येताना त्याची मोठी गंमत झाली आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'पाराक्लेसिस' हे नाम आणि त्याचं क्रियापद सतत येतं. मूळ अर्थ कुणाला तरी जवळ बोलावणं, बाजूला घेणं. मराठी बायबलमध्ये या एका कुळाचे चार-पाच संसार झाले. प्रेषित पौल आपल्या पत्रांत आर्जवानं सांगतो तिथं 'विनंती' झाली. दुःखाची गोष्ट आली तिथं 'सांत्वन' झालं. मंडळीत उभं राहून बोलायचं तिथं 'बोध' झाला. योहानाच्या शुभवर्तमानात येशू ज्या पवित्र आत्म्याचं वचन देतो, तो 'कैवारी'. कोर्टात आपल्या बाजूनं उभा राहणारा, असा त्याला अर्थ आहे. प्रत्येक शब्द आपापल्या जागी चोख बसतो. तोटा एवढाच की वाचणाऱ्याला ही सगळी एकाच घरची माणसं आहेत हे कळत नाही. म्हणून आपल्या मंडळ्यांत बोध व्यासपीठावरून होतो, सांत्वन मयताच्या घरी होतं, आणि मधल्या रोजच्या जगण्यासाठी 'छान झाला' उरतं.

या कुळातला सगळ्यात ठळक माणूस कुप्र (सायप्रस) बेटावरचा योसेफ नावाचा लेवी, म्हणजे यहुद्यांच्या मंदिरसेवेच्या कुळातला. प्रेषितांनी त्याचं नाव बर्णबा ठेवलं. 'प्रेषितांची कृत्ये' लिहिणारा लूक त्याचा अर्थ देतो आणि जुन्या वळणाचं मराठी बायबल तो 'बोधपुत्र' असा करतं. (व्युत्पत्तीच्या दृष्टीनं लूकचा हा अर्थ नीट जुळत नाही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माणसाला मात्र तो तंतोतंत जुळतो.) प्रेषितांच्या कृत्यांत त्याचं मोठं भाषण असं एकही नाही, तो भेटतो तो त्याच्या हालचालींतून. ख्रिस्ती लोकांना घराघरातून ओढून तुरुंगात टाकणारा शौल (हाच पुढे पौल म्हणून ओळखला गेला) अचानक 'मीही आता शिष्य' म्हणत यरुशलेमेत आला, तेव्हा सगळे त्याला घाबरले. हा फितूर असेल, आपली नावं काढून घ्यायला आला असेल, अशी शंका येणं साहजिकच होतं. बर्णबा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे घेऊन गेला. शौलाबद्दलचा अंदाज चुकला असता, तर पहिला जाब बर्णबालाच द्यावा लागला असता. फुकटच्या शाबासकीत आणि याच्यात फरक इथंच पडतो. धीर देणाऱ्यानं स्वतःची पत पणाला लावली होती.

पुढे अंत्युखिया शहरात यहुदी नसलेले लोकही विश्वास ठेवू लागले. ही बातमी आली तेव्हा यरुशलेमेनं चौकशीला बर्णबालाच पाठवलं. लूकच्या वर्णनात क्रियापदांचा क्रम बघण्यासारखा आहे. तो तिथं गेला, देवाची कृपा त्यानं पाहिली, त्याला आनंद झाला, आणि मग त्यानं बोध केला. पाहणं आधी. आपण बहुतेक वेळा बोध करून झाल्यावर पाहतो. त्यानंतर तो तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. काम आपल्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही हे कळायलाही मोठेपणा लागतो. सुरुवातीला 'बर्णबा व शौल' असा येणारा उल्लेख पुढे 'पौल व बर्णबा' असा उलटतो, पण त्याबद्दल बर्णबानं कुठं तोंड वाकडं केल्याची नोंद नाही.

तोंड वाकडं झालं ते दुसऱ्या कारणानं. योहान मार्क हा बर्णबाचा भाऊबंद. पहिल्या प्रवासात तो पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावर परत फिरला होता. पुढच्या प्रवासाला त्याला पुन्हा न्यावं, असं बर्णबाचं म्हणणं पडलं. पौल म्हणाला, मुळीच नाही. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला गेला आणि पौलानं सीलाला घेतलं. कोण बरोबर होतं ते लूक सांगत नाही. मात्र तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौलाचा निरोप आहे की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. परंपरेनं दुसरं शुभवर्तमान याच मार्काच्या नावावर आहे. आणि बर्णबा म्हणजे पुतळा नव्हे. अंत्युखियात यहुदी नसलेल्यांबरोबर जेवायचं की नाही यावरून पेत्रानं कच खाल्ली, तेव्हा तोही त्याच बाजूला सरकला. गलतीकरांच्या पत्रात पौल लिहितो, बर्णबासुद्धा! त्या 'सुद्धा'मध्ये पौलाचं दुखणं स्पष्ट ऐकू येतं.

हे सगळं ज्या जगात घडत होतं तिथं खुशामत हा नुसता दुर्गुण नव्हता, तो उपजीविकेचा मार्ग होता. रोमी साम्राज्यात श्रीमंत आश्रयदात्याच्या दारात सकाळी जाऊन त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं हे अनेकांचं रोजचं काम. त्यामुळे खरा मित्र आणि भाट यांना वेगळं कसं ओळखायचं, यावर ग्रीक विचारवंतांनी बराच खल केला. प्लुटार्कनं त्यावर एक सबंध निबंध लिहिला. एपिक्युरसच्या पंथातल्या फिलोडेमसचं मोकळ्या, स्पष्ट बोलण्यावरचं लिखाण इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलं आणि हर्क्युलेनियमच्या जळक्या गुंडाळ्यांत सापडलं. या पार्श्वभूमीवर पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र वाचलं, म्हणजे त्यातली वाक्यं वेगळी लागतात. हे पत्र साधारण इ. स. ५० च्या सुमाराचं, त्याच्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी एक. आम्ही खुशामतीचं बोललो नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे, असं तो बजावतो आणि त्याच अध्यायात स्वतःला आधी मुलांचं लालनपालन करणाऱ्या दाईची आणि मग बापाची उपमा देतो. पत्राच्या शेवटी माणसागणिक वेगळा हिशेब आहे. बेशिस्त आहेत त्यांचे कान धरा, खचलेल्यांना धीर द्या, दुबळ्यांना आधार द्या, आणि दम सगळ्यांच्याच बाबतीत धरा. खचलेल्याचे कान धरले आणि उंडारणाऱ्याची पाठ थोपटली, तर दोघेही बिघडतात. ही पारख नसलेले लोक प्रत्येक मंडळीत असतात, आणि बहुधा तेच सर्वांत जास्त बोलतात.

जुन्या करारानं ही पारख सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांवरून शिकवली होती. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर ठीक चाललं होतं. तोंड उघडलं आणि सगळं नासलं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक स्वतःच्या पत्रालाच 'बोधवचन' म्हणतो आणि ते सहन करून घ्या अशी विनंती करतो. बोध हा सहन करावा लागतो, हे त्यालाही माहीत होतं. हाच लेखक म्हणतो की 'आज' म्हणायला वेळ आहे तोवर रोज एकमेकांना बोध करा. एकमेकांना, म्हणजे पाळकानं मंडळीला एवढंच नव्हे.

हे 'एकमेकांना' पुढे वारंवार हरवलं आणि वारंवार सापडलं. धर्मसुधारक ल्यूथरनं १५३७ च्या श्माल्काल्ड लेखात (त्याच्या मतांच्या जाहीरनाम्यात) सुवार्ता माणसापर्यंत कशाकशातून पोचते ते मोजताना वचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि पापक्षमेचा अधिकार यांच्याबरोबर 'बंधूंचं आपसातलं बोलणं आणि सांत्वन' हेही नोंदवलं. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीनं १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम केले. आठवड्यातून एकदा जमायचं, प्रत्येकानं आपल्या मनाची खरी स्थिती उघडपणे सांगायची. गटात येण्याआधीच्या प्रश्नांत एक असा होता की तुझे दोष तुला सांगितलेले हवेत का, तेही आडपडदा न ठेवता? आजच्या एखाद्या सेल ग्रुपमध्ये, म्हणजे मंडळीतल्या छोट्या प्रार्थनागटात, हा प्रश्न विचारून बघा, पुढच्या आठवड्यात चहा किती कप करावा लागतो ते कळेल.

त्याच वेस्लीचं २४ फेब्रुवारी १७९१ चं पत्र या सगळ्याचा नमुना म्हणून बघावं. वय ८७, मरणाला सहा दिवस उरलेले. पत्र विल्बरफोर्सला, जो ब्रिटिश पार्लमेंटात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभा होता. यश नक्की मिळेल, असं वेस्ली त्याला सांगत नाही. देवानं तुला याच कामासाठी उभं केलं नसेल, तर माणसांच्या आणि सैतानांच्या विरोधानं तू झिजून जाशील, असं आधी सांगतो. मग म्हणतो की देव तुझ्या बाजूचा असेल तर तुझ्याविरुद्ध कोण? चांगलं करताना थकू नकोस. त्याच एप्रिलमध्ये विल्बरफोर्सचा ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. व्यापार कायद्यानं बंद झाला तो १८०७ मध्ये. खोटी आशा दाखवणारं पत्र त्या एप्रिलमध्येच केराच्या टोपलीत गेलं असतं.

आपल्या घराजवळचं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेज इथं झाला, लहानग्या मनोरमेसह. तिथल्या मठातल्या जोगिणींपैकी (नन्सपैकी) सिस्टर जेराल्डीन त्यांची आध्यात्मिक पालक. मायलेकी तिला 'आजीबाई' म्हणत. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या, शिकायला आणि संस्कृत शिकवायलाही. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील.

दोघींचं रमाबाईंवर प्रेम होतं, पण दोन तऱ्हांचं. जेराल्डीनला त्यांच्यात अहंकार दिसे. अंडं घातलेलं पुडिंग रमाबाई खात नाहीत, याचाच अर्थ जातीचे जुने ग्रह अजून सुटलेले नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, माझ्या देशातल्या बहिणींना कळतील अशी संस्कृत का नकोत, असं विचारलं तर तेही हट्टाच्या खात्यात. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), मतांगीकाराबद्दल (श्रद्धेच्या ठरीव कबुलीबद्दल) शंका काढणं तर फारच. चेल्टनहॅममध्ये रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली. लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी लिहिलं ते असं, की माझ्या आईनं किंवा मी पुरुषांना शिकवायला माझ्या वडिलांनी कधी आडकाठी केली नाही, माझ्या नवऱ्यानंही केली नाही, आणि आता काही इंग्रज माणसं करताहेत याचं नवल वाटतं. मे १८८५ च्या एका पत्रात त्या जेराल्डीनला स्पष्टच सांगतात की मला माझी विवेकबुद्धी आहे, माझं मन आहे, माझा निर्णय मला करता येतो. भारतातल्या पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही.

बीलबाईंनी दुसरी वाट धरली. शंका काढल्या म्हणून श्रद्धा कमी, असा हिशेब त्यांनी केला नाही. रमाबाईंचे प्रश्न त्यांनी प्रश्न म्हणूनच घेतले, सविस्तर उत्तरं लिहिली, पटलं नाही तिथं वादही केला. आणि जेराल्डीनला धीरानं घ्या असं सुचवलं, कारण ही बाई ऐकीव गोष्ट मानणाऱ्यांतली नाही, जे घेईल ते स्वतःच्या बुद्धीला आणि अंतःकरणाला पटवूनच घेईल. बर्णबानं शौलासाठी यरुशलेमेत केलं, त्याच जातीचं हे काम. पण म्हणून जेराल्डीनला खलनायिका ठरवणंही बरोबर नाही. कान धरण्याची हिंमत तिच्यात होती. आधी पाहायचं, ही पायरी मात्र चुकली.

रमाबाई फेब्रुवारी १८८६ मध्ये अमेरिकेला निघाल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्यात घालवली. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीचा त्यात आग्रह होता. १९२२ मध्ये काम हातावेगळं झालं आणि त्याच वर्षी त्या गेल्या.

आजीबाईंशी पत्रं मात्र पुढेही चालू राहिली. म्हातारपणी जेराल्डीननं ती सारी गोळा करून लावून ठेवली, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती छापली. तिचा हट्ट, तिचा चढा सूर, रमाबाईंनी तिला दिलेले टोले, सगळं त्यात जसंच्या तसं आहे. आपल्या विरोधात जाणारी पत्रं तिला फाडून टाकता आली असती. तिनं तीही तारीखवार लावली.