अंगठा वाकवून बघणारी सिस्टर

पावसाळ्यात घोडबंदर रोडवर बाइक घसरते, नडगीचं हाड मोडतं आणि संध्याकाळपर्यंत पोरगा ठाण्यातल्या एखाद्या वॉर्डात पायाला स्लॅब (अर्धं प्लास्टर, वरून पट्टी) लावून पडलेला असतो. घरच्यांना वाटतं, एक्स-रे झाला, आता काय ते सकाळी ऑपरेशन. माझ्या मते धोक्याची रात्र हीच.

रात्रपाळीची सिस्टर तासातासाला येते. बोटाचं नख दाबून सोडते. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. मग पायाचा अंगठा हळूच खाली वाकवते. "दादा, कुठे कळ येते?" हाड मोडलंय म्हटल्यावर दुखणारच. पण इंजेक्शन देऊनही ठणका वाढत असेल आणि अंगठा वाकवताच नडगीच्या पुढच्या बाजूला जीवघेणी कळ उठत असेल, तर ती डॉक्टरांना लगेच उठवते.

गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत बांधलेले असतात आणि त्या कप्प्यांचं आवरण फारसं ताणत नाही. आत सूज आली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, स्नायू उपाशी पडतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. मोठ्या धमनीतला दाब मात्र बराच जास्त, त्यामुळे पावलावरची नाडी छान लागत राहते. 'नाडी आहे ना, मग ठीक आहे' या समजुतीने पाय गेलेले आहेत. सुमारे 6 तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. आधी स्लॅबची पट्टी पूर्ण सोडतात. तरी दाब उतरला नाही, तर आवरण उभं चिरून कप्पे मोकळे करावे लागतात. अशा वेळी घरचे मायेने पायाखाली उशांची चळत रचतात. त्याने पायाला रक्त आणखी कमी मिळतं. पाय हृदयाच्या पातळीतच हवा.

रक्तस्रावही असाच लपतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त. त्यातलं दीड लिटर जाईपर्यंत बीपी टिकून राहू शकतं. आधी नाडी आणि श्वास वाढतात, म्हणून सिस्टर श्वास मोजते.

डोक्याला मार असेल तर ती झोपेतूनही उठवते, नाव विचारते. "झोपू द्या हो त्याला," आई म्हणते. पण साधी झोप आणि मेंदूवर दाब येऊन आलेली गुंगी लांबून सारखीच दिसते.

मोडलेल्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बधिरपणा किंवा मुंग्या आल्या, तर बेल दाबा. सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.