थंड खायचा डबा : घरी वनस्पतीजन्य बेंतो भरणाऱ्यांसाठी

आमच्याकडून बेंतोचा, म्हणजे जपानी पद्धतीच्या जेवणाच्या डब्याचा, संच नेणारे बरेचजण आठवड्याभरात पुन्हा दुकानात येतात आणि विचारतात, "हा डबा ऑफिसात गरम करून खायचा ना?"

नाही. बेंतो निवलेलाच खायचा असतो. एवढं एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं: तांदूळ कोणता घ्यायचा, चव जरा चढी का ठेवायची, भाजीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत का आटवायचं, डबा ठासून का भरायचा. आपली सगळी धडपड उलट दिशेची असते. डबा गरम राहावा म्हणून आपण उकळती आमटी ओततो, घट्ट झाकण लावतो, वरून पिशवीत गुंडाळतो. बेंतो भरताना हात नेमके याच सवयीने चुकतात, म्हणून हे पत्रक.

संचात कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ), सुके शिताके (एक प्रकारची अळंबी), शोयू (जपानी सोया सॉस), पांढरा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट लगदा), नोरी (शेवाळाचे कागदासारखे पातळ पत्रे), उमेबोशी (मिठात मुरवलेलं आंबट जपानी फळ) आणि ६०० मिलिलिटरचा डबा आहे. टोफू आम्ही रोज सकाळी ताजा करतो, तो वेगळा घ्यावा लागतो. खालची मापं दोन डब्यांची आहेत.

किती आणि काय

जपानमध्ये डब्याचा एक सोपा हिशेब सांगतात: तीन भाग भात, एक भाग मुख्य पदार्थ, दोन भाग भाज्या. मोजायचं वजनाने नाही, डब्यातल्या जागेने. म्हणजे अर्धा डबा भात आणि उरलेल्या अर्ध्यात एक हिस्सा टोफू, दोन हिस्से भाजी. या प्रमाणात नीट भरलेल्या डब्याचे मिलिलिटर आणि त्यातल्या कॅलरी जवळपास सारख्याच येतात. ६०० मिलिलिटरचा डबा म्हणजे साधारण ६०० कॅलरी. "एवढ्याशा डब्यानं पोट भरेल का?" असं विचारणाऱ्यांनी एकदा भरून पाहावा. भात दाबून बसवलेला असतो, तो दिसतो त्यापेक्षा बराच जास्त असतो.

भात

इथे बासमती चालत नाही, कोलमही नाही. मोकळा भात गरम असताना छान लागतो, पण निवला की शितं कडक होतात आणि चॉपस्टिकने उचलायला गेलं तर सुटी होऊन पडतात. तांदळातल्या स्टार्चचे दोन प्रकार असतात. त्यातला अमायलोज जास्त असला की भात मोकळा होतो आणि थंड झाल्यावर लवकर ताठरतो. जपानी आखूड तांदळात तो कमी असतो, म्हणून तो भात सहा तासांनीही मऊ राहतो. आमच्याकडे तो तांदूळ मिळतो, पण महाग पडतो. रोजच्या डब्याला आम्ही स्वतः इंद्रायणी वापरतो. मावळातला हा चिकटसर, सुवासिक तांदूळ आंबेमोहराच्या घराण्यातला. चव जपानी नाही, पण निवल्यावर वागतो जवळपास तसाच.

जपानी घरांत तांदूळ मोजायला 'गो' नावाचं माप असतं: १८० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम तांदूळ. त्याचा भात साधारण ३३० ग्रॅम होतो. दोन डब्यांना तो बेताचा पुरतो, भूक मोठी असेल तर दीड गो घ्या. तांदूळ तीन-चार पाण्यांत हलक्या हाताने धुवा, अर्धा तास भिजवा आणि रोवळीत निथळून घ्या. इंद्रायणीला सव्वा ते दीड पट पाणी लागतं. तांदूळ नवा असेल तर सव्वापटच पुरे. जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून शिजवा, आच बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. कुकरमध्ये केलात तर पाणी आणखी थोडं कमी करा, नाहीतर आसट होतो. डब्याला आसट भात नको, शितं एकमेकांना धरून राहतील एवढाच चिकटपणा हवा.

दाशी, म्हणजे सगळ्याचा पाया

जपानी स्वयंपाक मुळात शाकाहारी, असा समज घेऊन काहीजण येतात. त्यांना आधी हे सांगावं लागतं: तिथे नुसत्या भोपळ्याच्या भाजीतही बहुधा मासा असतो. तो दिसत नाही, कारण तो दाशीत असतो. दाशी म्हणजे भाज्या ज्यात शिजतात ते चवदार पाणी, आणि नेहमीची दाशी वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची करतात.

मासा वगळूनही दाशी उत्तम होते, आणि ती पळवाट नव्हे. बौद्ध मठांमध्ये शतकानुशतकं कोम्बू आणि शिताकेचीच दाशी चालत आली आहे. या मठांतल्या रांधण्याला शोजिन र्‍योरी म्हणतात. दोगेन या झेन भिक्षूने १२३७ साली मठातल्या आचाऱ्यासाठी तांदूळ निवडण्यापासूनच्या सूचना लिहून ठेवल्या आहेत. कोम्बूत अशी काय चव आहे याचा छडा १९०८ साली तोक्योत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने लावला. ती चव ग्लुटामेटची, तिला त्यांनी 'उमामी' नाव दिलं. सुक्या शिताकेत दुसरंच द्रव्य असतं, ग्वानिलेट. ही दोन एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी खुलते. म्हणून दोन्ही घाला. एकच घालून "काही विशेष लागलं नाही" म्हणू नका.

रात्री झोपण्यापूर्वी एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू आणि तीन-चार शिताके टाकून भांडं फ्रिजमध्ये ठेवा. कोम्बूवरची पांढरी भुकटी बुरशी नाही. ती चवीचीच असते, म्हणून धुऊन टाकू नका, कोरड्या फडक्याने धूळ तेवढी पुसा. सकाळी कोम्बू काढून घ्या आणि मग पाणी उकळा. कोम्बूसकट उकळलं तर दाशी बुळबुळीत आणि कडवट होते. उरलेली दाशी फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली तर आणखी.

भिजलेले कोम्बू-शिताके टाकू नका. बारीक चिरून दोन चमचे शोयू, एक चमचा साखर, चमचाभर व्हिनेगर आणि बुडण्यापुरतं पाणी घालून आटेपर्यंत शिजवा. याला त्सुकुदानी म्हणतात. भाताच्या कोपऱ्यात चमचाभर ठेवली तर आपल्या लोणच्याचं काम करते, आणि आमच्या मते संचातला हाच सगळ्यात चविष्ट भाग आहे, तोही फुकट मिळालेला.

टोफू आणि भाज्या

"टोफू बेचव लागतो" ही तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की आता हसून सोडून देतो. टोफूत पाणी असतं. ते बाहेर काढल्याशिवाय मसाल्याला आत जागा कुठून मिळणार? २०० ग्रॅम घट्ट टोफू पंचात गुंडाळा आणि वर वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून वीस मिनिटं दाबा. मग बोटभर जाडीचे तुकडे करा, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा आणि थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी तांबूस परता. दोन चमचे शोयू, एक चमचा साखर आणि दोन चमचे दाशी एकत्र करून त्यावर ओता. रस आटून तुकड्यांना चकाकी येऊन चिकटला पाहिजे, तव्यात ओघळ राहता कामा नये. चाखून पाहाल तेव्हा किंचित खारट-गोड जास्त झालंय असं वाटेल. वाटू द्या. थंड पदार्थाची चव जिभेला कमी कळते, डबा उघडाल तेव्हा ते नेमकं लागेल.

लाल भोपळा २०० ग्रॅम, सालासकट मोठ्या फोडी. जपानी काबोचा भोपळा कोरडा आणि पिठूळ असतो. आपल्याकडच्याला पाणी सुटतं, म्हणून दाशी अर्ध्या वाटीपेक्षा जास्त नको. एक चमचा शोयू, दोन लहान चमचे साखर. फोडी साल खाली करून एका थरात लावा आणि भांड्याच्या तोंडाहून लहान ताटली थेट फोडींवर ठेवून शिजवा. जपानी स्वयंपाकघरात यासाठी लाकडी झाकणच मिळतं. त्यामुळे रस वरपर्यंत चढतो आणि फोडी हलून मोडत नाहीत. आच बंद केल्यावर तशाच रसात निवू द्या, चव निवतानाच आत शिरते. भरताना मात्र निथळून घ्या.

फरसबी १०० ग्रॅम, उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग निथळून पुसून. दोन चमचे तीळ भाजून खलबत्त्यात अर्धवट कुटा, त्यात दोन लहान चमचे शोयू आणि एक लहान चमचा साखर घालून शेंगांना चोळा. तीळ सुटणारं पाणी शोषून घेतात, म्हणून हा पदार्थ डब्यासाठीच जन्माला आल्यासारखा वागतो. पालकालाही हेच करता येतं, फक्त पालक घट्ट पिळायला हवा.

चौथा पदार्थ ऐच्छिक: गाजर आणि कमळकाकडीच्या काड्या तिळाच्या तेलावर लाल मिरचीच्या तुकड्यासह परतायच्या, वरून शोयू. इथे एक सावधगिरी. जपानी तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, गडद आणि फार वासाचं. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळांचं असतं. घाण्याचं वापरलंत तरी बिघडत नाही, वरून थोडे भाजलेले तीळ टाका.

निववणं

हा परिच्छेद कृपया वगळू नका. सुरुवातीच्या दिवसांत मे महिन्यात आमच्याच घरचा एक डबा वाया गेला. सकाळी घाई होती, कोमट भातावर झाकण लावलं. दुपारी उघडला तर झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं आणि भाताला आंबूस वास सुटला होता. भातात असे काही जिवाणू असतात की ज्यांची बीजं उकळूनही मरत नाहीत, आणि कोमट ओलसर जागा मिळाली की ती वाढू लागतात. भात गरम ठेवा किंवा थंड ठेवा, मधल्या कोमट अवस्थेत रेंगाळू देऊ नका.

म्हणून भात परातीत पसरा आणि पंख्याखाली ठेवा. वाफ पूर्ण जाईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. भाज्याही वेगवेगळ्या ताटल्यांत निववा. ताटल्या जास्त धुवाव्या लागतात, त्याला इलाज नाही. टोमॅटो घालायचा तर देठ काढून, पुसून, अख्खा घाला. जपानमध्येही जून-जुलैच्या दमट पावसाळ्यात कच्च्या भाज्या टाळतात आणि डब्यावर बर्फाची पुडी बांधतात. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत आणि पावसाळ्यात ही पुडी ठेवाच, किंवा ऑफिसच्या फ्रिजमध्ये डबा ठेवून खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. रात्री भात शिजवून फ्रिजमध्ये ठेवून सकाळी तसाच भरू नका, तो खडखडीत होतो.

भरणं

आधी भात, कडेला उतार ठेवून. त्या उताराला टेकवून टोफू, मग मोठ्या फोडी, शेवटी फटींमध्ये फरसबी. डबा हलवला तर आत काही सरकता कामा नये. रसाची भाजी शेजारच्या पदार्थाला लागू नये म्हणून मध्ये पान घालतात. दुकानांतल्या जपानी डब्यांत दिसणारं हिरवं प्लास्टिकचं 'गवत' ही त्याच पानाची नक्कल. आपल्याकडे केळीचं पान मिळतं, ते घ्या. भाताच्या मध्यावर एक उमेबोशी दाबा. पांढऱ्यावर लाल ठिपका, अगदी जपानच्या झेंड्यासारखा, आणि त्या डब्याला नावही झेंड्याचंच आहे: हिनोमारू.

पांढरा, काळा, लाल, पिवळा, हिरवा असे पाच रंग डब्यात असावेत असं मानतात. आमच्या यादीत भात, नोरी किंवा काळे तीळ, उमेबोशी, भोपळा, फरसबी असे ते आपसूकच येतात. अस्वलाच्या तोंडाचे भाताचे गोळे आणि गाजराची फुलं यांच्या नादी पहिल्या महिन्यात लागू नका. सकाळची बस चुकते.

लेबल वाचताना आणि कोणी जपावं

बाहेरून सामान घेत असाल तर यादीत 'बोनिटो' किंवा 'कात्सुओ' (त्याच माशाचं जपानी नाव) हे शब्द शोधा. भातावर भुरभुरायची फुरिकाके, झटपट मिसो सूप आणि काही उमेबोशींतही तो सापडतो. काही उमेबोशींत मध असतो. संचातली आमची उमेबोशी फक्त फळ, मीठ आणि शिसो या सुवासिक जपानी वनस्पतीच्या पानांची आहे.

शोयूत गहू असतो आणि सोयाबीनही. तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी फरसबी साध्या शोयूत करावी. कोम्बूत आयोडीन फार असतं, थायरॉइडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि दाशी नुसत्या शिताकेची करा. जैन ग्राहक नेहमी विचारतात, म्हणून: मठातल्या या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, पण कंदमुळं आणि अळंबी भरपूर असतात. दाशीत शिताके घातले नाहीत तर भोपळा, फरसबी आणि टोफू तुम्हाला चालतील. कोम्बू आणि आंबवलेला मिसो यांचं तुमच्या घरच्या नियमाप्रमाणे ठरवा.

ठेवण

मिसो आणि उघडलेला शोयू फ्रिजमध्ये. नोरीला हवा लागली की ती चामड्यासारखी होते, पाकिटातली ओलावा शोषणारी पुडी काढू नका. कोम्बू आणि शिताके कोरड्या डब्यात वर्षभर राहतात. टोफू पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन दिवसांत संपवा. लाकडी डबा नेला असेल तर तो भिजत घालू नका, धुऊन लगेच पुसा आणि उघडा ठेवून वाळवा. शोयूच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या आम्ही परत घेतो.