गती (शालेय भौतिकशास्त्र)

काळानुसार वस्तूचे स्थान बदलत असेल, तर ती वस्तू गतिमान आहे असे म्हणतात. हे स्थान कशाच्या तुलनेत मोजायचे, ते मात्र आधी ठरवावे लागते. ठाणे स्थानकात शेजारची लोकल हलली की क्षणभर आपलीच गाडी सुटल्यासारखे वाटते. फलाटावरच्या खांबाकडे नजर गेली की उलगडा होतो. तो खांब हा इथला संदर्भबिंदू. चालत्या डब्यात बसलेला माणूस सहप्रवाशाच्या तुलनेत स्थिर आणि खांबाच्या तुलनेत गतिमान असतो, आणि ही दोन्ही विधाने खरी आहेत.

तलावपाळीला मासुंदा तलावाभोवती पूर्ण फेरी मारून निघाल्या जागी परत आल्यास कापलेले अंतर फेरीच्या लांबीइतके भरते, पण विस्थापन शून्य. विस्थापन आरंभबिंदूपासून अंतिम बिंदूपर्यंत सरळ रेषेत, दिशेसह मोजतात.

मुलांची खरी अडचण होते ती ‘चाल’ आणि ‘वेग’ या शब्दांपाशी, आणि यात त्यांचा दोष नाही. घरात आपण सगळेच ‘गाडीचा वेग ताशी ६०’ म्हणतो. शास्त्रात ती चाल. वेगाला दिशाही लागते. घणसोलीहून एक लोकल ठाण्याकडे आणि दुसरी वाशीकडे ताशी ६० किलोमीटरने निघाली, तर त्यांची चाल समान, वेग भिन्न.

१६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली. हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. समजा धिम्या लोकलने ते तासाभरात कापले, तर सरासरी चाल ताशी ३४ किलोमीटर येते. पण प्रत्येक थांब्यावर तिची चाल शून्य असते आणि मधल्या टप्प्यात ताशी ३४ च्या बरीच वर जाते. त्या-त्या क्षणीच्या चालीला तात्कालिक चाल म्हणतात.

वेगबदलाचा दर म्हणजे त्वरण. थांबलेल्या गाडीने सरळ रुळावर ४० सेकंदांत ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, इतका वेग गाठला, तर सरासरी त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. वळणावर चाल तीच राहिली तरी दिशा बदलते, म्हणून तिथेही त्वरण असते. हा मुद्दा वर्गात घाईने उरकू नये.

एकसमान वेग शरीराला जाणवत नाही, त्वरण जाणवते. बाहेरून बल लागले नाही तर वस्तू स्थिर राहते किंवा एकसमान वेगाने सरळ रेषेत चालत राहते, हा न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला पहिला नियम. त्याचा प्रत्यय ठाण्याजवळच्या पारसिकच्या १९१६ सालच्या रेल्वे बोगद्यात घेता येतो. खिडकीबाहेर काळोख, गाडी एका वेगाने सरळ चाललेली. बाटलीतले पाणी घरातल्यासारखे सपाट. ब्रेक लागला की तेच पाणी पुढच्या बाजूला चढते.