सूझीचे कान

१९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाची पांढरी मांजर गोठ्यात वावरायची. तिचे कान ताठ नव्हते. टोपी घातल्यासारखे पुढे दुमडून डोक्याला चिकटलेले. शेजारच्या एका मेंढपाळाने तिचं पिल्लू पाळलं आणि त्यातून ‘स्कॉटिश फोल्ड’ ही जात उभी राहिली. घुबडासारखा गोल चेहरा, टपोरे डोळे. फोटोत या मांजराला तोड नाही.

या जातीची पिल्लं जन्मतात मात्र सरळ कानांचीच. तीन-चार आठवड्यांत काहींच्या कानाचं टोक लवू लागतं. याचं कारण २०१६ मध्ये समजलं: टीआरपीव्ही४ या जनुकातला एका अक्षराचा बदल. कूर्चेच्या, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या लवचिक ऊतीच्या, पेशींमध्ये कॅल्शियम आत सोडणारं एक दार असतं, त्याचा आराखडा या जनुकात असतो. दार बिघडलं की कूर्चा नीट घडत नाही आणि कान ताठ राहत नाही. पण कूर्चा काय फक्त कानात असते? पायांची हाडं लांबीला वाढतात ती कूर्चेतूनच, आणि सांध्यांचं गुळगुळीत अस्तरही तिचंच. म्हणून या मांजरांच्या एक्स-रेमध्ये पंजांची हाडं आखूड नि वेडीवाकडी दिसतात, मागच्या पायाच्या घोट्याभोवती जादा हाड चढलेलं दिसतं. शेपूटही ताठरते. बदललेल्या जनुकाची एकच प्रत असली तरी हे कमी-अधिक होतं. दोन प्रती आल्या तर लवकर आणि फार वाईट.

पर्शियन मांजरांची गोष्ट वेगळी. त्यांच्यातल्या अनेकांच्या मूत्रपिंडात पाण्याने भरलेले बारीक फुगे जन्मापासून असतात. ते वर्षानुवर्षं वाढत राहतात, आणि मूत्रपिंड थकल्याचं लक्षात येतं तेव्हा मांजर बहुधा मध्यमवयीन झालेलं असतं. तोवर त्याची पिल्लं, पिल्लांची पिल्लं घरोघरी पोचलेली. असा लपून राहिल्यामुळेच हा आजार इतका पसरला की पर्शियन मांजरांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात तो होता. त्याला कारण असलेला पीकेडी१ जनुकातला बदल २००४ मध्ये हाती लागला. लांब केसांशी किंवा चपट्या नाकाशी या फुग्यांचा काही संबंध नाही (चपट्या नाकाची दुखणी आणखी निराळी). दोष नुसता त्याच गाडीत बसून आला होता, म्हणून त्याला उतरवताही येतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. ज्या मांजरात बदल नाही, त्यांचाच जोडा लावायचा.

सगळीकडे इतकं सोपं नसतं. मेन कून मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्यामागचा एक जनुकीय बदल २००५ मध्ये सापडला. पण तो एका प्रतीत असलेली कित्येक मांजरं ठणठणीत राहतात, आणि तो नसलेल्यांनाही हा आजार होतो. अशा वेळी अहवाल पाहून बेधडक मांजरं बाद करत सुटणं मला धोक्याचं वाटतं. आधीच मोजक्या पूर्वजांपासून आलेल्या जातीतून आणखी मांजरं वगळली, की उरलेल्यांची लग्नं भावाबहिणींतच लागायची, आणि एक दोष घालवताना दुसरा वर यायचा.

हौसेने जपलेला प्रत्येक गुण घातकच असतो असंही नाही. सयामी मांजराचा रंग घडवणारं विकर (एन्झाइम) अंगाच्या उबेत नीट चालत नाही, फक्त थंड भागांत चालतं. म्हणून कान, नाक, पंजे, शेपूट तेवढी गडद.

फोल्डच्या बाबतीत मात्र काडी फिरवून काही साधत नाही. जो कान हवा आहे, तोच आजार आहे. ब्रिटनमधल्या मांजरांच्या प्रमुख नोंदणी संस्थेने सत्तरच्या दशकातच या जातीची नोंद घेणं थांबवलं, तरी मागणी आटलेली नाही. ही मांजरं कधीकधी मागचे पाय पुढे पसरून, माणसासारखी पाठ टेकून बसतात. त्या फोटोंचं भारी कौतुक होतं. तसं बसणारं मांजर उंचावर उडी मारायचं टाळत असेल, तर पशुवैद्य आधी त्याच्या घोट्यांचा एक्स-रे काढायला सांगतात. त्याच वेतातलं सरळ कानांचं भावंड तेवढ्यात कपाटावर जाऊन बसलेलं असतं.